पत्र्यावरचा पेंढा

लोणावळ्यात राहते म्हटलं की समोरचा माणूस आधी चिक्कीचं विचारतो आणि मग पावसाचं. माझ्या कामाचं कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर सांगताना माझीच पंचाईत होते. मी विशेष शिक्षिका होते. मावळातल्या शाळा-अंगणवाड्यांतून फिरायचं आणि ज्या मुलांना नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही किंवा चारचौघांत मिसळता येत नाही, त्यांना तिथं बसता यावं अशी सोय लावून द्यायची, हे माझं काम. ‘होते’ म्हणायचं कारण असं की गेल्या वर्षी ते थांबलं. कंत्राटी माणूस निवृत्त होत नाही, त्याचं नूतनीकरण होत नाही इतकंच. शाल मात्र मिळाली. लोणावळ्याच्या आमच्या वलवण भागातल्या थंडीत ती उपयोगी पडते.

या कामात माणसं भेटली ती एकेक नमुनेदार. एका मुलाचे आजोबा मला दर खेपेला विचारायचे, “मॅडम, ह्याचा कोर्स कवा संपंल?” त्यांच्या नातवाला स्वमग्नता होती. तिला कोर्स नसतो, कारण तो आजार नव्हे. अशा मुलाच्या डोक्यात बाहेरचं जग वेगळ्या तऱ्हेनं शिरतं. पंख्याची घरघर, शेजारच्या घरातला मिक्सर, शिजणाऱ्या भाताचा वास, हे सगळं आपण नकळत बाजूला सारतो आणि समोरच्याचं बोलणं ऐकतो. त्या मुलाला ते बाजूला सारता येत नाही. सगळं एकदम आणि सारख्याच जोरात येतं. मग ते कान झाकतं, एकाच वस्तूला धरून बसतं, नाहीतर पळत सुटतं. लोक म्हणतात लाडावलंय. मी आजोबांना हे दर वेळी नव्यानं समजावायची आणि ते दर वेळी मान डोलवून म्हणायचे, “व्हय, पण साधारण किती म्हयने?”

आज सांगायचंय ते यशूबद्दल.

तिची आई कविता मला बेगडेवाडीच्या एका शाळेच्या व्हरांड्यात भेटली. तिची बहीण तिथं राहायची; मी कोणत्या वारी येते ते तिच्याकडून विचारून ती आली होती. कडेवर साडेतीन वर्षांची यशोधरा, घरातली यशू. आईच्या ओढणीचं टोक बोटांत घेऊन ती गोल गोल फिरवत होती. मी हाक मारली तर तिनं ऐकल्याचंही दाखवलं नाही, पण दूरवर मालगाडीची शिट्टी झाली तेव्हा मात्र दोन्ही कान घट्ट दाबून धरले.

“नर्सरीत घातली होती मॅडम. आठवडापण झाला न्हाई आणि त्यांनी बोलावून सांगितलं, ही बसत न्हाई, बाकीच्या मुलांचं लक्ष जातं. पुढच्या वर्षी बघू म्हणाले.”

“आणि डॉक्टर?”

“स्वमग्न आहे म्हणाले. मुलांत ठेवा, मुलांत राहूनच शिकेल म्हणाले. पण मुलांत ठेवायला घेतंय कोण?” मग आवाज खाली आणून ती म्हणाली, “आता अंगणवाडीतपण बसली न्हाई, तर पहिलीला शाळावाले विचारणार, आजवर कुटं बसत होती? मी काय सांगू? मग ही घरातच राहणार. माझ्या माहेरी अशी एक पोरगी हाय. मोठी झाली आता. खिडकीतनंच बघत असती.”

आश्वासनं द्यायचा माझा स्वभाव नाही. या धंद्यात दिलेलं आश्वासन आपल्यालाच येऊन चिकटतं. तरी त्या दिवशी मी म्हणून बसले, “यशू अंगणवाडीत बसेल.” परतीच्या वाटेवर लोणावळा येईपर्यंत मी स्वतःला शिव्या घालत होते.

यशूचं घर नवलाख उंबरे गावाच्या पलीकडच्या एका वाडीवर, बौद्ध वस्तीत. वडील प्रशांत तळेगावच्या एमआयडीसीत पाळीवर. घरात आणखी एक माणूस, यशूचे आजोबा. त्यांना सगळे आबा म्हणत. रेल्वेत गँगमन होते; ऊन असो, पाऊस असो, रुळांच्या कडेनं चालण्यातच सगळी नोकरी सरली. वाडीची अंगणवाडी एका पत्र्याच्या खोलीत. तिथल्या सेविका शैलाताई. ज्यांना अंगणवाडी म्हणजे नुसती गाणी वाटतात त्यांच्यासाठी सांगते, की त्या एका बाईनं पोरं सांभाळायची, त्यांची वजनं घ्यायची, गरोदर बायांकडे बघायचं, लसीकरणाला पोरं गोळा करायची, आणि वर मोबाइलवर सगळं भरायचं. मदतनीस एक, ती चुलीपाशी.

“घेते की मॅडम,” शैलाताई म्हणाल्या, “पर मला सांगा, खिचडी वाढू, मोबाइल भरू, का हिच्यामागं पळू? दारावरनं कंपनीचे डंपर जात्यात. पोरगी रस्त्यावर गेली तर गाव मला धरंल का तुमाला?”

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. यशूच्या जोडीला एक जादा मोठं माणूस हवं होतं, आणि असं माणूस द्यायची तरतूद आमच्याकडं कागदावरही नव्हती. घरचं माणूस सहसा बसवत नाहीत, मूल त्यालाच चिकटून राहतं. पण दुसरं होतं कोण? मी आबांना विचारलं. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “काय करायचं ते दाखवा.”

मी दाखवलं. हाताच्या अंतरावर बसायचं, मांडीवर घ्यायचं नाही. तिला जमत असेल ते आपण करायचं नाही. आणि बडबड करायची नाही, कारण तिला शब्दांचीच गर्दी होते. ही शेवटची अट दुसऱ्या कुठल्याही आजोबांना झेपली नसती. आबा मुळातच कमी बोलत.

शब्दांऐवजी आम्ही फोटो वापरले. चप्पल काढायची जागा, हात धुवायचा नळ, गाण्याची सतरंजी, खिचडीची ताटली, घर. मोबाइलवर काढून, छापून, प्लॅस्टिकमध्ये घालून दोरीला टांगले. एक गोष्ट झाली की तिचा फोटो उलटा करायचा. पुढं काय होणार हे आधी कळलं की या मुलांची निम्मी भीती जाते. आपलं तरी वेगळं काय असतं? दवाखान्यात नंबर कितवा ते कळेपर्यंत आपणही चुळबूळ करतोच.

मे महिन्यात अंगणवाडी बंद होती. शैलाताईंनी किल्ली आबांकडे दिली. रोज संध्याकाळी नात आणि आजोबा रिकाम्या खोलीत जाऊन बसायचे. यशूला तिथली एक वस्तू फार आवडली, ती म्हणजे वजन करायच्या काट्याची झोळी. सगळी पोरं त्या झोळीत घातली की भोकाड पसरतात. यशू एकदा बसली ती उतरेचना. हलकेच झुलत, डोळे अर्धे मिटून ती पत्र्याकडे बघत राहायची. जूनपर्यंत ती आबांचं बोट धरून, स्वतः चप्पल काढून आत जायला लागली होती. मला वाटलं, आता झालंच काम.

शैलाताईंना मी बजावून ठेवलं होतं, की पहिल्या दिवशी फुगे नकोत, पिपाण्या नकोत, दारात गर्दी नको. त्यांनी ते अक्षरशः पाळलं. कविताला सांगितलं, आबांना सांगितलं. गावाला सांगायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येणार?

पहिल्या दिवशी मी सहा आसनी रिक्षातून वळणावर उतरले आणि ढोल ऐकला. मावळातलं ढोल-लेझीम पथक ज्यांनी जवळून ऐकलंय त्यांना सांगायला नको. ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी एवढंच समजावं, की ते कानाआधी छातीत वाजतं. पुढं गेले तर रस्ताभर पथक. शिंगं रंगवलेली बैलजोडी, फुलं लावलेली गाडी, गाडीत नव्या फ्रॉकमधली यशू आणि तिच्या शेजारी गुलाबी फेटा बांधलेले आबा. पुढं स्वतः बबनभाऊ ढोल घेऊन. बबनभाऊ गावातले मोठे शेतकरी, पथक त्यांचंच. हल्ली शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांची अशी मिरवणूक काढायची पद्धत आहे, आणि वाडीतल्या या ‘स्पेशल’ मुलीची तर सगळ्यांत जोरात काढायची असं त्यांनी ठरवलं होतं.

यशू कान दाबून कमानीसारखी ताठ झाली होती. आबा तिला धरायला गेले तशी तिनं स्वतःच्याच मनगटाला चावा घेतला आणि गाडीतून खाली उडी टाकली. पळायला वाट नव्हती, चारी बाजूंनी माणसं. ती सरळ गाडीखाली, चाकांच्या मधे शिरली आणि किंचाळायला लागली. बैल बुजले. बबनभाऊंनी ढोल तसाच रस्त्यावर टाकला आणि दोन्ही बैलांच्या वेसणी धरून गाडीला पाय लावून उभे राहिले. चाक वीतभर हललं असतं तरी काय झालं असतं याचा विचार मी आजही करत नाही. कविता पोटावर सरपटत आत गेली आणि तिनं लेकीला ओढून बाहेर आणलं.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले ती आबांना फाडून खायच्या तयारीनं. ते ओट्यावर बसले होते. फेटा सोडून मांडीवर घेतला होता.

“आबा, आवाज नको हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं?”

“सांगितलं व्हतं.”

“मग?”

ते फेट्याची घडी घालू लागले. “मॅडम, माझ्या बापानं धर्म बदलल्यावर गावकीची कामं सोडली. तवापासनं गावाचं वाजाप आमच्या वस्तीत कदी आलं न्हाई. आमच्या लग्नाला न्हाई, कशाला न्हाई. आमी बी बोलावलं न्हाई. परवा बबनभाऊ आपल्या पायानं हितं आला. म्हणला, आबा, नातीला गाव वाजवत नेणार. मी म्हणलं, जरा हळू वाजवा. तो म्हणला, ढोल हळू वाजतो व्हय?” घातलेली घडी त्यांनी पुन्हा मोडली. “त्याला न्हाई कसं म्हणू मॅडम? सांगा तुमी. तोंडातनं न्हाई निघंना.”

माझा सगळा राग तिथंच जिरला. मी त्यांच्या शेजारी ओट्यावर बसले.

त्यानंतर यशू अंगणवाडीकडं वळेना. वळणापर्यंत आली की जमिनीवर बसायची. अंगणवाडीचा फोटो दाखवला तर तिनं तो उलटा करून टाकला, संपलं म्हणून. प्रशांत रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल, पण बोलला नम्रपणेच. “बास करू मॅडम. तिचे हाल नकोत.” कवितानं उठून दार लोटून घेतलं आणि यशू खिडकीत जाऊन बसली.

मी बबनभाऊंच्या शेतावर गेले. ते भाताच्या खाचराचा बांध घालत होते, कोपरापर्यंत चिखलात. मला बघून कुदळ टाकून उभे राहिले.

“मॅडम, लय चुकलं. पर आमी वाईट करायला न्हवतो गेलतो.”

“ते माहितीये हो. म्हणून तर तुमच्याशी धड भांडताही येत नाही.”

“मग सांगा काय करू. सगळं पथक घिऊन जातो माफी मागाया.”

“पथक अजिबात नको!” मी जवळजवळ ओरडलेच. मग दोघंही हसलो, आणि बोलणं सोपं झालं. मी त्यांना खरी अडचण सांगितली. ढोलाची भीती हळूहळू जाईल, ते माझं काम. पण मावळचा पाऊस तोंडावर आलाय. पत्र्यावर पाऊस सुरू झाला की त्या खोलीत मला माझाच आवाज ऐकू येत नाही. यशू आली तरी पहिल्या सरीला पळणार आणि मग कायमची जाणार. छतासाठी वरच्या कार्यालयात विनंती केली होती. उत्तर येईपर्यंत भात कापून झाला असता.

बबनभाऊंना पटलं नाही. “पोरं बसत्यातच की पावसात.” दोन दिवसांनी जोराची सर आली तेव्हा ते भिजत अंगणवाडीत गेले आणि खोलीच्या मध्यभागी डोळे मिटून उभे राहिले. शैलाताईंनी मला नंतर सांगितलं, बाहेर येऊन म्हणाले, “आयला, ह्यो पत्रा तर आमच्या पथकाला बी ऐकत न्हाई.”

उघडीप मिळाली त्या सकाळी त्यांनी स्वतःच्या गोठ्यामागची पेंढ्याची गंजी मोडली. पावसाळ्यात तो पेंढा म्हणजे जनावरांचं पोट. ट्रॉली भरून अंगणवाडीपाशी आणला. पथकातले सगळे पत्र्यावर चढले. पेंढ्याचा जाड थर, त्यावर प्लॅस्टिकचा कागद, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून वरून दोऱ्या. दोऱ्या ढोल ताणायच्याच होत्या, तेवढ्या मजबूत दुसऱ्या कुणाकडं नव्हत्या. आबा खाली उभे राहून गाठी कशा मारायच्या ते सांगत होते, आणि बबनभाऊ वरून “आबा, हिकडं बगा, बसली का?” असं सारखं विचारत होते. मदतनीस बाईंनी सगळ्यांना चहा केला. पुढच्या आठवड्यात आमचे एक साहेब भेटीला आले. वर बघून म्हणाले, “बाई, हे कुठल्या योजनेत बसतं?” मी म्हटलं, “पेंढ्याच्या.” त्यांनी पुढं विचारलं नाही. भला माणूस होता.

धो धो पावसात आत आता नुसती सळसळ यायची.

मग आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रस्त्यानं यशू येत नव्हती, म्हणून आबा तिला मागून, खाचरांच्या बांधावरून आणू लागले. बाकीची मुलं घरी गेल्यावर आधी नुसती दारापर्यंत. मग झोळीपर्यंत. मग शेजारची एक शांत मुलगी मागं थांबायला लागली. दोघी एका सतरंजीच्या दोन टोकांना बसायच्या. मग खिचडीच्या वेळेला चार मुलं, मग अर्धी अंगणवाडी. हे वाचायला सरळ वाटतं. घडताना एक पाऊल पुढं आणि कधी दोन मागं असंच चालायचं. एक दिवस तिनं शैलाताईंच्या दंडाला कडकडून चावा घेतला. मी धसका घेऊन गेले, तर बाई दंड दाखवत म्हणाल्या, “मॅडम, हिला मी आवडाया लागले वाटतं. आधी तर जवळ बी येत न्हवती.” त्यांनी गाण्याच्या वेळच्या टाळ्या बंद केल्या आणि पोरांना दोन्ही हात वर करून नुसते हलवायला शिकवलं. पाहुणे आले की आधी चकित व्हायचे. पोरांना मात्र तीच टाळी वाटू लागली, ती घरीही तशीच वाजवायची.

माझ्या सगळ्याच मुलांचं असं झालं नाही. वलवणला एका बंगल्याच्या वॉचमनची मुलगी जरा कुठं बसायला लागली होती, तर मालकानं माणूस बदलला आणि ते कुटुंब रातोरात कुठं गेलं ते मला कधीच कळलं नाही. तिच्यासाठी काढलेले फोटो माझ्याकडे आहेत. अशी बरीच नावं आहेत, आणि ती आठवली की दिवस खराब जातो. पण दिवाळीच्या अंकात लिहायला बसले तेव्हा मनात आधी आली ती पत्र्यावर चढलेली माणसं. मी आयुष्यभर पत्रकं वाटली, प्रशिक्षणं दिली, ‘समाजाचा सहभाग’ हा शब्द हजारदा उच्चारला. तो सहभाग आपल्या जनावरांच्या वैरणीतून काढून कुणी देईल, असं मला खरंच वाटलं नव्हतं. बबनभाऊ, शैलाताई आणि आबा यांचे आभार मी त्यांच्या तोंडावर मानले असते तर तिघंही लाजून दुसरंच काहीतरी बोलू लागले असते. म्हणून इथं मानते.

त्या वर्षी भात कापणीला आला तेव्हा दिवाळीची सुट्टी लागली. सुट्टीच्या पहिल्याच सकाळी मी फराळाला बसणार तोच कविताचा फोन आला. मागं रडण्याचा आवाज येत होता.

“मॅडम, यशू सकाळीच चप्पल घालून निघाली. आम्ही मागं मागं आलो. अंगणवाडीला कुलूप हाय आणि ही पायरीवर बसलीय. उठत न्हाई. किती ओढलं तरी उठत न्हाई. दाराला हात लावती आणि रडती.”

मी लगेच कामाला लागले. “सुट्टीचं कार्ड करायला हवं होतं आपण. राहिलंच बघ. आता असं कर, तिला घराचा फोटो दाखव, फार बोलू नकोस, आणि आबांना सांग की—”

“मॅडम,” कविता म्हणाली.

“काय?”

“ते कार्ड आपण उद्या करू. आज तिला जरा रडू द्या. आजवर सगळ्यांनी हिला घरी न्या, घरी न्या म्हणूनच सांगितलं. घरी जायचं न्हाई म्हणून पहिल्यांदाच रडतीय ती.”

मी फोन कानाला तसाच धरून बसले. पलीकडं यशू जिवाच्या आकांतानं रडत होती, आणि आम्ही दोघी ऐकत होतो.